घरी टोचायचं बायोसिमिलर इंजेक्शन सुरू करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं ॲडालिमुमॅब (संधिवातावरचं, घरी टोचायचं इंजेक्शन) सुरू होऊन आता सहा वर्षं झाली. कोथरूडमध्ये आमवात आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (पाठीच्या कण्याचा संधिवात) असलेल्यांचा आमचा छोटा गट आहे. "आता बायोलॉजिक (जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं औषध) सुरू करू या" असं डॉक्टरांनी कुणाला सांगितलं की बहुतेक त्याच संध्याकाळी आमच्यापैकी कुणाला तरी फोन येतो, आणि प्रश्नही तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. मी रुग्ण आहे, डॉक्टर नाही. डोस सुरू करणं, बदलणं, थांबवणं हे तुमच्या संधिवाततज्ज्ञांनीच ठरवायचं. पुढची माहिती ॲडालिमुमॅबची आहे. इटॅनरसेप्टसारख्या इंजेक्शनचं वेळापत्रक वेगळं असतं. वेळ नसेल तर निदान प्रश्न ४ आणि प्रश्न ९ वाचाच.

१. बायोसिमिलर म्हणजे जेनेरिकच ना?

नाही. साधी गोळी कारखान्यात रसायनांपासून बनते, त्यामुळे दुसऱ्या कंपनीला तिची हुबेहूब प्रत काढता येते. ॲडालिमुमॅब हे प्रथिन आहे आणि ते जिवंत पेशींमध्ये वाढवावं लागतं. ॲस्पिरिनचा रेणू १८० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप), तर ॲडालिमुमॅबचा जवळपास १ लाख ४८ हजार डाल्टनचा. एवढा मोठा रेणू पेशींकडून बनवून घेताना मूळ कंपनीच्याही दोन बॅचमध्ये बारीक फरक राहतो. म्हणून दुसऱ्या कंपनीच्या औषधाला "तेच" न म्हणता "सारखं", म्हणजे सिमिलर म्हणतात.

काम दोन्हींचं एकच. टीएनएफ नावाचं प्रथिन आपल्या सांध्यांमधली सूज सतत पेटती ठेवतं. हे औषध त्याला चिकटून त्याचं काम थांबवतं. पण हाच टीएनएफ शरीरात टीबीसारख्या जंतूंवर पहाराही देत असतो. एवढं लक्षात ठेवलंत तर पुढच्या निम्म्या सूचना का दिल्या आहेत ते आपोआप कळेल.

२. स्वस्त आहे म्हणजे मूळ औषधापेक्षा कमी प्रतीचं असेल का?

हा प्रश्न मी स्वतः रडत रडत विचारला होता, कारण मूळ औषध आम्हाला परवडणारं नव्हतं.

मूळ औषध ह्युमिरा. अमेरिकेत त्याला २००२ च्या अखेरीस मंजुरी मिळाली. त्याचं जगातलं पहिलं बायोसिमिलर बाजारात आलं ते भारतात, डिसेंबर २०१४ मध्ये, झायडस कॅडिला कंपनीचं. अशा औषधांना मंजुरी देण्यासाठी आपल्याकडे २०१२ पासून स्वतंत्र नियमावली आहे, २०१६ मध्ये ती सुधारली गेली. मूळ औषधाशी तुलना करून दाखवल्याशिवाय परवानगी मिळत नाही. नॉर्वेमध्ये इन्फ्लिक्सिमॅब या याच गटातल्या औषधावर ४८२ रुग्णांचा अभ्यास झाला. निम्म्यांना मूळ औषधावर ठेवलं, निम्म्यांना बायोसिमिलर दिलं. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले, त्यात बायोसिमिलर घेणारे मागे पडलेले दिसले नाहीत. आपल्या चाकण आणि हिंजवडीतही बायोसिमिलर बनवणाऱ्या कंपन्या आहेत.

कंपनी मध्येच बदलण्याचा मुद्दा वेगळा आहे, तो प्रश्न १६ मध्ये आहे.

३. सांधे इतके सुजलेत, मग डॉक्टर लगेच इंजेक्शन का देत नाहीत? या सगळ्या तपासण्या कशासाठी?

तुमचे दिवस कसे जात असतील याची मला कल्पना आहे. सकाळी गॅसचं बटण फिरवता येत नाही, आणि डॉक्टर मात्र रक्ततपासणीचा कागद हातात देतात. तरीही हे दोन-तीन आठवडे वाया जात नसतात. टीबीची तपासणी (प्रश्न ४), छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, रक्तपेशी आणि यकृताच्या चाचण्या साधारणपणे सांगतात. हिपॅटायटिस बी शरीरात झोपलेला असू शकतो आणि या औषधाने तो उठून बसतो.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी काही गोष्टी तुम्ही स्वतःहून सांगा: हृदय कमकुवत असणं म्हणजे हार्ट फेल्युअर, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा नसांचा कुठलाही आजार, पूर्वी झालेला कॅन्सर, वारंवार होणारा लघवीचा संसर्ग, आणि घरात कुणाला टीबी झाला असेल तर तोही. शेवटची गोष्ट लोक संकोचाने लपवतात. कृपा करून लपवू नका.

४. माझी टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह आली. म्हणजे मला टीबी झालाय का? आता इंजेक्शन मिळणारच नाही का?

बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर "नाही" असतं. जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. बसमध्ये, ऑफिसात, शाळेत कधीतरी जंतू शरीरात शिरतो, आणि आपली प्रतिकारशक्ती त्याला कोंडून ठेवते. त्याला सुप्त टीबी म्हणतात. अशा माणसाला खोकला नसतो, त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही. पण टीएनएफचा पहारा उठला की कोंडलेला जंतू बाहेर पडू शकतो. म्हणून आधी बंदोबस्त करायचा.

तपासणी दोन प्रकारे होते. मॅन्टूमध्ये हातावर टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी गाठ मोजतात. इग्रा ही रक्ताची चाचणी आहे. लहानपणीच्या बीसीजीमुळे (टीबीच्या लसीमुळे) मॅन्टू उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, इग्रावर बीसीजीचा परिणाम होत नाही. उलट स्टेरॉइड चालू असेल तर दोन्ही चाचण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात, म्हणून एक्स-रे आणि डॉक्टरांची विचारपूसही तितकीच महत्त्वाची.

टेस्ट पॉझिटिव्ह आणि बाकी सगळं ठीक असेल तर प्रतिबंधक गोळ्या देतात: रोज आयसोनियाझिड सहा महिने, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा असे १२ डोस. गोळ्या सुरू होऊन साधारण महिना झाला की बहुतेक डॉक्टर इंजेक्शन सुरू करतात, पूर्ण कोर्स संपायची वाट पाहावी लागत नाही. या गोळ्या सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून मोफत मिळतात. निक्षय हेल्पलाइन १८००-११-६६६६. मेथोट्रेक्सेटही (आमवातावरची नेहमीची गोळी) चालू असेल तर यकृताची तपासणी नेमाने करा.

टेस्ट निगेटिव्ह आलेल्यांसाठीही एक गोष्ट: इंजेक्शन सुरू झाल्यावर नव्याने टीबी होऊ शकतो, आणि तो फुप्फुसाबाहेरही असू शकतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी चढणारा ताप, वजन उतरणं, मानेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस न घेता डॉक्टरांकडे जा.

५. स्वतःच्या हाताने टोचून घ्यायचं? मला नाही जमणार.

असं म्हणालेल्या जवळजवळ सगळ्यांना जमलं आहे. पहिलं इंजेक्शन दवाखान्यात सिस्टरसमोर घ्या. बऱ्याच कंपन्या घरी शिकवायला नर्सही पाठवतात, डॉक्टरांकडे विचारा.

माझं घरचं पहिलं इंजेक्शन मला अजून आठवतं. रविवारची सकाळ होती. डायनिंग टेबलवर स्वच्छ पंचा, त्यावर पेन (आत औषध भरलेलं, दाबलं की आपोआप टोचणारं), अल्कोहोलचा स्वॅब आणि कापूस. पेन फ्रीजमधून काढून अर्धा तास तसंच ठेवलं होतं, गार औषध जास्त झोंबतं म्हणून. (गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवू नका.) पेनच्या छोट्या खिडकीतून औषध पाहिलं: स्वच्छ, पाण्यासारखं. गढूळ असेल किंवा त्यात कण दिसले तर ते वापरायचं नाही. मग हात धुतले, मांडीवर स्वॅब फिरवला आणि कातडी वाळू दिली. टोपण काढल्यावर पेन मांडीवर सरळ उभं टेकवून दाबलं. "टक" आवाज झाला आणि मी दचकले, पण पेन हललं नाही, कारण सिस्टरांनी आधीच बजावलं होतं: आवाज म्हणजे सुरुवात, शेवट नाही. सावकाश पंधरा आकडे मोजले, खिडकीत रंग आला, पेन उचललं. मोहरीएवढा रक्ताचा थेंब होता. कापूस दाबला, चोळलं नाही. यजमान शेजारी उभे होते, घाम त्यांना फुटला होता.

साधी सिरिंज असेल तर कातडीची चिमूट धरून ४५ अंशांत टोचतात. बोटं इतकी वाकडी झालीत की बटण दाबता येत नाही, अशांच्या घरचं कुणीतरी शिकून घेतं, त्यात कमीपणा काही नाही. आमच्या गटातल्या एका आजींना त्यांचा नातू देतो.

६. पोटात घ्यायचं की मांडीत? आणि किती दुखतं?

मांडीचा पुढचा भाग किंवा पोट. पोटावर बेंबीपासून चार बोटं तरी अंतर सोडा. दर वेळी जागा बदला, आधीच्या जागेपासून किमान एक इंच दूर. सोरायसिसचा चट्टा, जखम, व्रण, काळंनिळं झालेली कातडी टाळा. मी कॅलेंडरवर "डावी" किंवा "उजवी" असं लिहून ठेवते.

झोंबण्याबद्दल: काही ब्रँडमध्ये सायट्रेट असतं, ते जास्त चुरचुरतं. फार त्रास होत असेल तर सायट्रेट नसलेलं मिळेल का, हे डॉक्टरांना विचारा. टोचल्या जागी लाली आणि खाज एक-दोन दिवस राहू शकते. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर ताबडतोब जवळचं हॉस्पिटल गाठा.

७. फ्रीजमध्ये कुठे ठेवू? लाइट गेली तर?

मधल्या कप्प्यात, मूळ खोक्यासकट, कारण उजेडाने औषध खराब होतं. तापमान २ ते ८ अंश हवं. दारात ठेवू नका, दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या भिंतीला चिकटवूनही ठेवू नका. एकदा गोठलेलं औषध वितळून स्वच्छ दिसलं तरी ते फेकायचंच.

दोन-चार तास वीज गेली तर फ्रीज उघडू नका, बहुतेक वेळा काही बिघडत नाही. मूळ औषधाच्या पत्रकाप्रमाणे ते २५ अंशांपर्यंत, उजेडापासून दूर, १४ दिवस राहू शकतं. एकदा बाहेर काढलेलं पुन्हा फ्रीजमध्ये ठेवलं तरी १४ दिवसांची मोजणी थांबत नाही. बायोसिमिलरची मुदत वेगळी असू शकते, तुमच्या खोक्यातलं पत्रक वाचा. आणि २५ अंश हा आकडा नीट पाहा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात घराच्या आतही पारा त्याच्या वरच असतो.

घेतानाच काळजी घ्या. एकदा मे महिन्यात माझं खोकं दुपारी दोनला घरी आलं, आतले आइस पॅक पूर्ण वितळून कोमट झालेले. दुकानाने "चालतं हो ताई" म्हणून हात झटकले. मी सही न करता परत पाठवलं आणि चार दिवस भांडून बदलून घेतलं. तेव्हापासून औषध सकाळीच मागवते आणि दारातच खोकं उघडून हात लावून बघते. तुम्हीही बघा.

८. डोस विसरले. आता काय? आणि चुकून दोन घेतले तर?

बहुतेकांना ४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी असतं. सोरायसिस आणि क्रोन्समध्ये (आतड्याच्या सुजेचा आजार) सुरुवातीचे डोस मोठे असतात. विसरलात तर आठवताच घ्या आणि पुढचा डोस मूळ ठरलेल्या दिवशीच. दोन आठवडे उलटून गेले असतील किंवा जास्त घेतलं गेलं असेल तर डॉक्टरांना फोन करा.

पेन लवकर उचललं आणि औषध मांडीवर ओघळलं, असंही होतं. मनाने दुसरं पेन टोचू नका. किती आत गेलं ते आपल्याला कळत नाही. फोटो काढून डॉक्टरांना विचारा.

९. आज डोसचा दिवस आहे आणि मला ताप आहे. घेऊ का?

नाही. आधी डॉक्टरांना फोन.

ताप, पिवळा-हिरवा कफ, लघवीला जळजळ, पू झालेली जखम, नागीण, अँटिबायोटिक चालू असणं, यातलं काहीही असेल तर इंजेक्शन फ्रीजमध्येच राहू द्या. हे औषध शरीरात आठवडे टिकतं, त्यामुळे एक डोस पुढे गेल्याने सांधे एकदम उसळत नाहीत. मात्र संसर्ग अंगात असताना दिलेला डोस परत काढून घेता येत नाही. साधी वाहती सर्दी, ताप नाही, अशा वेळी बरेच डॉक्टर घ्यायला सांगतात, पण विचारून. पावसाळ्यात डेंग्यू आणि स्वाइन फ्लूची साथ असते तेव्हा "व्हायरल असेल" म्हणून क्रोसिनवर दोन दिवस काढू नका. आणि कॅज्युअल्टीत गेलात तर पहिलं वाक्य हेच: "मी ॲडालिमुमॅब घेते."

१०. गुण कधी येईल? मेथोट्रेक्सेट बंद करू का?

काहींना दोन आठवड्यांत फरक कळतो. पुरेशी संधी द्यायची तर बारा आठवडे धरा. मला पाचव्या आठवड्यात एका सकाळी लक्षात आलं की बरणीचं झाकण मीच उघडलं.

मेथोट्रेक्सेट स्वतःहून बंद करू नका. ते सोबत असलं की इंजेक्शनविरुद्ध शरीरात अँटिबॉडी तयार होण्याचं प्रमाण कमी राहतं आणि औषध जास्त काळ लागू पडतं. आणि कळकळीने सांगते, मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी असतात. एक औषध दर आठवड्याला आणि दुसरं दर पंधरवड्याला, यात घोळ होतो. रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणं आहेत. वार मोठ्या अक्षरात पाकिटावर लिहा.

११. सोबत गुळवेलीचा काढा चालेल का? उपवास? अमावस्येला सुरू केलं तर?

गुळवेल नको. आपण एका बाजूला अतिरेकी प्रतिकारशक्ती शांत करतोय आणि दुसऱ्या बाजूला ती चेतवणारी वनस्पती घेतोय, याचा मेळ बसत नाही. शिवाय मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे, आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने यकृत जपायलाच हवं. इतर काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. ते रागावतील म्हणून लपवणं जास्त महाग पडतं.

एकादशी-चतुर्थीचा इंजेक्शनशी संबंध नाही, उपाशीपोटीही घेता येतं. अमावस्येचाही नाही, पण घरातल्या मोठ्यांचं मन राखायला पहिला डोस एक दिवस पुढे घेतला तरी काही बिघडत नाही. पुढचे डोस मात्र पंधरवड्यानेच.

१२. खाण्यापिण्याचं पथ्य काय?

न उकळलेलं दूध आणि त्याचे पदार्थ, अर्धकच्चं मांस किंवा अंडं, उघड्यावरचा उसाचा रस आणि बर्फ टाळा. पाणी उकळून प्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयाँ बारे सिंड्रोमची (प्रतिकारशक्ती नसांवरच हल्ला करते तो आजार) साथ आली तेव्हा दूषित पाण्याचा मुद्दा सगळ्यांनीच ऐकला. आपल्या औषधानेही क्वचित नसांचा त्रास होऊ शकतो, म्हणून पायांत मुंग्या, बधिरपणा, अशक्तपणा चढत असेल तर वाट पाहू नका.

१३. कोणत्या लसी घ्यायच्या?

शक्य असेल तर इंजेक्शन सुरू होण्याआधी. फ्लूचं दरवर्षीचं इंजेक्शन, न्यूमोकॉकल (न्यूमोनियाची), हिपॅटायटिस बी या लसी नंतरही चालतात. जिवंत लसी (गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, तोंडाने घ्यायची टायफॉइड, नाकात फवारायची फ्लूची) औषध चालू असताना नकोत. नागिणीची नवी लस जिवंत नाही, तिच्याबद्दल विचारा. बाळांच्या लसीसाठी प्रश्न १९ पाहा.

१४. वापरलेलं पेन कचऱ्यात टाकू का?

कृपया नको. आपला कचरा दारात घ्यायला येणारी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेची ताई तो हाताने वेगळा करते. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची सवय पुण्याला तिच्यासाठीच लावली गेली. सुईला तर कागद पुरणारच नाही. जाड प्लास्टिकची बरणी घ्या (फिनाइलची रिकामी बाटली चालते), त्यावर "सुया" असं मोठ्या अक्षरात लिहा, झाकण घट्ट लावा. सुईला टोपण परत लावू नका, त्यातच बोटाला टोचतं. बरणी तीन चतुर्थांश भरली की तुमच्या दवाखान्यात किंवा रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये द्या. तिथे सुयांची विल्हेवाट लावायची वेगळी सोय असते. आधी फोन करून विचारा, सगळेच घेत नाहीत.

१५. खर्च कसा भागवायचा? विम्यात बसतं का?

२०१९ मध्ये विमा नियामकाने ज्या आधुनिक उपचारांना विम्यात स्थान दिलं, त्यांत इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटिबॉडी आहेत, आणि ॲडालिमुमॅब त्यांतलंच एक. अडचण अशी की घरी घेतलेलं इंजेक्शन बहुतेक कंपन्या बाह्यरुग्ण खर्चात धरतात, आणि ओपीडी कव्हर नसेल तर नाकारतात. डे-केअरमध्ये घेतलेल्या डोसचं काय, हे तुमच्या पॉलिसीच्या कागदावर पाहा आणि उत्तर ईमेलने लेखी घ्या. केंद्र सरकारच्या किंवा सैन्याच्या आरोग्य योजनेत असाल तर तिथे आधी मंजुरी काढा. औषध कंपन्यांचे रुग्ण साहाय्य कार्यक्रमही असतात, त्यांत काही डोसांवर सवलत मिळू शकते. चौकशी करायला लाजू नका. पैसे कमी पडतात म्हणून डोसमधलं अंतर गुपचूप वाढवणारे मला माहीत आहेत. तसं करण्याऐवजी डॉक्टरांशी उघड बोला, ते ब्रँड बदलून देऊ शकतात.

१६. केमिस्टने न सांगता दुसऱ्या कंपनीचं दिलं. घेऊ का?

डॉक्टरांना विचारेपर्यंत नको. विचारपूर्वक बदललेला ब्रँड चालतो (प्रश्न २), पण दर महिन्याला जे स्टॉकमध्ये असेल ते घेतलं आणि त्रास झाला, तर कशाने झाला हे कुणालाच सांगता येणार नाही. पेन वापरायची पद्धतही वेगळी असू शकते. खोक्यावरचं ब्रँडचं नाव, बॅच नंबर आणि तारीख वहीत लिहा. दुष्परिणाम कळवण्यासाठी सरकारी हेल्पलाइन आहे, १८००-१८०-३०२४, तिथे रुग्णही फोन करू शकतो.

१७. विमानाने किंवा वारीला जाताना?

विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात औषध गोठू शकतं. प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवा. आइस पॅक आणि खोकं यांच्यात टॉवेल घाला. वारीला जाणाऱ्यांनी डोस निघण्याआधी घेता येतो का ते डॉक्टरांना विचारावं. वाटेवरच्या धुळीत, तंबूत टोचण्यापेक्षा ते बरं.

१८. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. दात काढायचाय.

मोठ्या सांध्याच्या ऑपरेशनला साधारण एक डोस वगळून, पुढचा डोस ज्या आठवड्यात आला असता त्या सुमारास ऑपरेशन ठेवतात. जखम नीट भरली, टाके निघाले, संसर्ग नाही, मग पुन्हा सुरू. सर्जन आणि संधिवाततज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलायला हवं, आणि बऱ्याचदा तो फोन आपल्यालाच घडवून आणावा लागतो. दाताच्या डॉक्टरांनाही सांगा. दाताला पू झाला असेल तर प्रश्न ९ लागू.

१९. मला बाळ हवंय. इंजेक्शन थांबवू का?

थांबवायच्या आधी बोला. ॲडालिमुमॅब गरोदरपणात चालू ठेवता येतं, शेवटच्या तिमाहीत कधी थांबवायचं हे आजार किती शांत आहे त्यावर ठरतं. स्तनपानालाही अडचण नाही. मेथोट्रेक्सेट मात्र गर्भाला घातक आहे, ते काही महिने आधी बंद करावं लागतं. म्हणजे मनात विचार आला की लगेच सांगायला हवं, पाळी चुकल्यावर नाही.

आता सगळ्यांत निसटणारी गोष्ट. शेवटच्या महिन्यांत घेतलेलं औषध वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि जन्मानंतर काही महिने त्याच्या रक्तात राहतं. आपल्याकडे बीसीजी जन्मतःच देतात, आणि ती जिवंत लस आहे. अशा बाळाला ती साधारण सहा महिने थांबून देतात. रोटाव्हायरस आणि तोंडाने द्यायच्या पोलिओबद्दल बालरोगतज्ज्ञ सांगतील. सूतिकागृहात ड्यूटी बदलते, फाइल मागे राहते. म्हणून बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर पहिल्या पानावरच लाल शाईने लिहून घ्या: "आईला ॲडालिमुमॅब, बीसीजी विचारल्याशिवाय देऊ नये." आमच्या गटातल्या एकीने ते बाळाच्या पाळण्यालाही कागदावर लिहून टांगलं होतं, आणि पहाटेच्या सिस्टरांनी ते वाचून सुई खाली ठेवली.